कमी खायला दिलं तर ती लहानच राहील का?

प्रश्न, थोडक्यात : घरात तीन आठवड्यांपूर्वी पॉमेरेनियनचं पिल्लू आलं आहे. मादी, वय अकरा आठवडे, वजन ९०० ग्रॅम, नाव मिरी. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी बजावलं होतं, ‘सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचेच द्या. जास्त घातलंत तर वाढेल, मग अशी छोटीशी राहणार नाही.’ मुलीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलं, तर दिवसाचे जेमतेम २५ ग्रॅम दाणे भरले. सासूबाईंना हे पिल्लाला उपाशी ठेवणं वाटतं, म्हणून त्या दुपारी वाटीत दूध ठेवतात, आणि मग संध्याकाळपर्यंत पातळ शी. हल्ली मिरी दाण्यांना नुसतं नाक लावून निघून जाते, उकडलेलं चिकन मात्र फस्त करते. गेल्या आठवड्यात एका पहाटे ती थरथरत होती, पाय लटपटत होते, हाक मारली तरी बघत नव्हती. साखरेचं पाणी चाटवल्यावर अर्ध्या तासात खेळायला लागली. पत्राचा शेवट असा : ‘लहान राहणारी म्हणूनच तिला घेतली, हे कबूल करते. पण मी तिला नीट खायला घालत नाहीये का? पाकिटातलं द्यावं की घरी शिजवावं? कॅल्शियमचे थेंब सुरू करू का?’

उत्तर :

बाकी सगळं नंतर, आधी ती पहाट. तुम्ही ती पत्रात ओझरती सांगितलीत, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली. थरथरणं, तोल जाणं, हाकेला ओ न देणं आणि साखर पोटात गेल्यावर पटकन सावरणं, हे वर्णन रक्तातली साखर उतरल्याचं आहे. साखर चाटवलीत ते अगदी योग्य केलंत. मात्र ती पुन्हा खेळायला लागली म्हणून विषय मिटला असं समजू नका. हे वाचून झालं की डॉक्टरांची वेळ घ्या. त्यांना पहाटेचा प्रसंग सांगा, रक्तातली साखर बघायला सांगा आणि शीचा नमुना सोबत न्या. जंत असतील तर पोटात गेलेलं अन्न पुरतं अंगी लागत नाही, आणि या वयाच्या पिल्लांत जंत असणं अगदी नेहमीचं आहे.

असं का होतं, ते समजलं की पुढचं सगळं सोपं जाईल. जेवणाच्या मधल्या वेळात शरीराला लागणारी साखर यकृतातल्या साठ्यातून येते, आणि तो साठा संपत आला की स्नायू मदतीला येतात. ९०० ग्रॅमच्या पिल्लाचं यकृत केवढंसं आणि स्नायू ते काय! उलट वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे ऊब झपाट्याने निघून जाते आणि ती टिकवायला सतत इंधन जळत राहतं. मोठ्या जातीचं पिल्लू एखादी रात्र अर्धपोटी काढेल. मिरीला संध्याकाळी आठला दोन चमचे आणि थेट सकाळी सातला पुढचे दोन, यात अकरा तासांची खिंड आहे. त्यात दुपारचं जुलाबाने निघून गेलेलं. पहाटेच तिला तसं झालं, यात नवल नाही.

पुन्हा असं झालंच तर काय करायचं, ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचा. ती गिळत नसेल, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. झटके येत असतील तर बोट दातांच्या मध्ये येऊ द्यायचं नाही. गरम फडक्यात गुंडाळून सरळ दवाखाना गाठायचा. वाटेत शुद्धीवर आली आणि खाऊ शकत असेल तर थोडं नेहमीचं खाणं द्यायचं, कारण चोळलेली साखर फार वेळ पुरत नाही. आणि एक गोष्ट कटाक्षाने : ‘शुगर-फ्री’ लिहिलेलं काहीही नको. त्यात झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरलं जाणारं गोड द्रव्य असू शकतं. कुत्र्यांमध्ये त्याने साखर वाढत नाही, उलट धाडकन कोसळते, आणि यकृतालाही इजा होते.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे वळते. कमी खायला दिल्याने ती लहान राहील, हे गृहीतक तुमच्या मनात कुणीतरी घातलं आणि ते तिथे बसलं. लहान कुत्रं हवं असण्यात काही वावगं नाही, त्याबद्दल मन खाऊ देऊ नका. पण मिरी किती मोठी होणार हे तिच्या आईवडिलांकडून आलेल्या जनुकांनी आधीच ठरवून टाकलंय. पॉमेरेनियन पूर्ण वाढला की साधारण दीड ते सव्वातीन किलोंच्या दरम्यान भरतो. तुम्ही कितीही नीट खायला घातलंत तरी ती काही दहा किलोंची होणार नाही. वाढीच्या वयात पोट मारलं तर मात्र हाडं कमकुवत राहतात, स्नायू भरत नाहीत, आजाराशी झगडायची ताकद कमी पडते. असं पिल्लू दिसायला छोटं दिसेलही, पण ते कुपोषित असतं. ‘टीकप’ म्हणून जी पिल्लं विकली जातात तीही वेगळी जात नव्हे. कोणत्याही मान्यताप्राप्त यादीत तिला जागा नाही. विकणाऱ्याला छोटं पिल्लू खपवायचं असतं. त्याने दिलेला आहाराचा सल्ला त्याच दृष्टीने वाचा.

मग किती द्यायचं? पशुवैद्यक एक सूत्र वापरतात : वजनाचा (किलोमध्ये) ०.७५ वा घात करायचा, त्याला ७० ने गुणायचं. ही झाली स्वस्थ पडून राहायला लागणारी ऊर्जा. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला याच्या साधारण तिप्पट लागते, नंतर वाढ पुरी होईपर्यंत दुपटीच्या आसपास. मिरीचं गणित करून बघितलं : ९०० ग्रॅमला मूळ गरज सुमारे ६५ किलोकॅलरी, तिप्पट म्हणजे १९५. पिल्लांच्या कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला बहुधा ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात. मधला ३८० चा आकडा धरला तर तिला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास लागतील. तुम्ही देताय २५. सासूबाईंना जे डोळ्यांनी दिसत होतं तेच काट्यावर निघालं.

आणखी एक आकडा सांगते, कारण ‘एवढुसं तर आहे, त्याला किती लागणार’ असं जवळपास प्रत्येक घरात म्हटलं जातं. तीस किलोंच्या प्रौढ कुत्र्याला किलोमागे दिवसाला पन्नासेक किलोकॅलरी पुरतात. मिरीला किलोमागे दोनशेच्या वर लागतात. पोट मात्र लहान, एका वेळी फार मावत नाही. म्हणून लहान जातीच्या पिल्लाच्या बाबतीत ‘किती’ इतकंच ‘किती वेळा’ हेही महत्त्वाचं असतं.

तीन-चार महिन्यांची होईपर्यंत तिला दिवसातून चार वेळा द्या. सकाळी उठल्या उठल्या, दुपारी, संध्याकाळी आणि घरातले झोपायला जाताना शेवटचं. प्रत्येक वेळी १२-१३ ग्रॅम. रात्री अकराला एक आणि सकाळी सहाला एक दिलंत तर ती खिंड सात तासांवर येते. सध्याच्या दिवसांत, डॉक्टर तपासेपर्यंत, मध्यरात्री उठून चार दाणे भिजवून दिले तरी चालतील. पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. त्यानंतर बहुतेक कुत्र्यांना दोन वेळा पुरतं, पण दोन किलोंच्या आतल्यांना तीनच ठेवलेलं बरं, असं माझं मत आहे. आणि २५ वरून ५० वर एका दिवसात उडी मारू नका. आधीच पोट बिघडलेलं आहे, तीन-चार दिवसांत वाढवत न्या.

वरचा आकडा ही फक्त सुरुवात आहे. दर आठवड्याला एकाच दिवशी, सकाळी खाण्याआधी तिचं वजन करा. काट्यावर उभी राहत नसेल तर टोपलीत बसवा आणि टोपलीचं वजन वजा करा. तुमच्या मुलीला हे काम आवडेल असं दिसतंय. लहान जातीची पिल्लं चार महिन्यांच्या सुमारास प्रौढ वजनाच्या साधारण निम्म्यावर येतात आणि आठ ते बारा महिन्यांत वाढ पुरी करतात. म्हणजे या दोन-तीन महिन्यांत काटा दर आठवड्याला वर सरकलाच पाहिजे. तो दोन आठवडे जागचा हलला नाही तर प्रमाण वाढवा आणि डॉक्टरांना कळवा.

पॉमेरेनियनमध्ये डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, ती सगळी लोकर असते. बोटं केसांच्या आत घालून बरगड्यांवरून हलके फिरवा. तळहात खाली करून हात पसरलात तर बोटांमागच्या हाडांवरून दुसरं बोट फिरवताना जे जाणवतं, तसं लागलं पाहिजे : पातळ थराखाली प्रत्येक हाड वेगळं. मूठ वळल्यावर हाडं जशी टोचतात तशी बरगडी टोचली तर ती रोड आहे, आणि शोधूनही सापडली नाही तर जाड. मिरी आज बहुधा रोड गटात असेल. पण वर्षभराने तुम्ही ती जाड झाली म्हणून पत्र लिहाल, अशी मला भीती आहे. लहान जातींमध्ये लठ्ठपणा फार, आणि अडीच किलोंच्या कुत्रीवर २५० ग्रॅम चढले म्हणजे दहा टक्के वजन वाढलं. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा यांच्यात श्वासनलिका पिचकण्याचा आजार दिसतो. लठ्ठपणाने तो बळावतो.

पाकिटातलं की घरचं? तुमच्या पत्रात या प्रश्नामागे एक अपराधी सूर आहे, जणू पाकीट फोडणं म्हणजे प्रेमात कमी पडणं. अन्न कुठे शिजलं यापेक्षा ते पुरं आहे का, हे बघायचं. पाकिटावर ‘कम्प्लीट’ आणि ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ हे शब्द शोधा. हे खाद्य अमेरिकेतल्या आफ्को (AAFCO) किंवा युरोपातल्या फेडियाफ (FEDIAF) या पशुखाद्याची मानकं ठरवणाऱ्या संस्थांच्या निकषांनुसार पिल्लांसाठी बनवलंय, असं लिहिलेलं असावं. आफ्कोच्या मानकात वाढत्या पिल्लासाठी पाण्याचा अंश वगळून किमान २२.५ टक्के प्रथिनं आणि ८.५ टक्के स्निग्धांश लागतात, प्रौढांसाठी १८ आणि ५.५. म्हणून घरात आधीचं मोठं कुत्रं असेल तर त्याचंच खाद्य पिल्लाला घालू नये. लहान जातींसाठीच्या खाद्यात दाणा बारीक असतो आणि थोड्या खाण्यात जास्त ऊर्जा असते, तेवढा फरक खरा आणि कामाचा आहे. पुढच्या बाजूला छापलेली मांसाची आणि भाज्यांची चित्रं सोडून द्या.

घरी शिजवणं अशक्य नाही, पण ‘थोडं चिकन, थोडा भात, थोडं गाजर’ हा पिल्लाचा आहार होत नाही. मांसात कॅल्शियम फारच थोडं आणि फॉस्फरस त्याच्या दहा-वीस पट. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने ते दुपटीपर्यंत लागतं. नुसत्या चिकनवर वाढणारं पिल्लू सुरुवातीला छान गुबगुबीत दिसतं. मग शरीर कमी पडणारं कॅल्शियम हाडांतून ओढायला लागतं, पिल्लू लंगडतं, आणि सोफ्यावरून उडी मारताना पुढचा पाय मोडतो. छोट्या जातींच्या पुढच्या पायांची हाडं तशीही काडीएवढी असतात. घरीच करायचं असेल तर पशुआहाराच्या तज्ज्ञाकडून मिरीच्या वजनाप्रमाणे पाककृती लिहून घ्या आणि ग्रॅमवर मोजून पाळा. त्यातला एखादा घटक संपला म्हणून दुसरा घालणं, अंदाजाने पूरक पावडर टाकणं, हे चालत नाही. तुमच्या घरी चौघांच्या हातून खायला जातं, तिथे हे कितपत जमेल याचा विचार करा. मला विचाराल तर वाढ पुरी होईपर्यंत पिल्लांचं तयार खाद्य मुख्य ठेवा आणि हौसेला वरून थोडं चिकन.

कॅल्शियमचे थेंब नकोत. पूर्ण खाद्यात ते पुरेसं असतं. प्रौढ कुत्र्याचं आतडं जादा कॅल्शियम आत घेणं कमी करतं. पिल्लाला सुरुवातीचे काही महिने ते नीट जमत नाही, दिलं तेवढं शोषलं जातं, आणि जास्तीच्या कॅल्शियमनेही हाडांची वाढ बिघडते. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं तरच.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांचा अंदाज बरोबर होता, फक्त उपाय चुकला. आईचं दूध सुटलं की पिल्लांमधलं लॅक्टेज हे दूध पचवणारं विकर कमी होत जातं. मग दुधातली साखर न पचता आतड्यात राहते, पाणी ओढून घेते आणि पातळ शी होते. इतक्या छोट्या जिवाला एका दिवसाच्या जुलाबाने शुष्कता येऊ शकते. त्यांना ‘दूध देऊ नका’ एवढंच सांगितलंत तर त्या चोरून देतील. त्यापेक्षा दुपारचं जेवण पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा : मोजलेले दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवायचे आणि वाटीत त्यांनीच वाढायचे. पाण्याची वाटी दिवसभर भरलेली ठेवण्याचं कामही त्यांच्याकडेच.

दाणे नाकारणं हा हट्ट आहे की आजार, ते डॉक्टरांनी तपासल्यावर कळेल. तब्येत ठीक निघाली तर तो शिकवलेला हट्ट आहे : दाणे सोडले की चिकन येतं, हे तिला चार दिवसांत समजलं. मोठ्या कुत्र्यांसाठी देतात तो सल्ला, ‘वाटी उचला, भूक लागली की खाईल’, मिरीला लावायचा नाही. ती उपाशी राहिली तर पुन्हा तीच पहाट उगवेल. चिकन एकदम बंद न करता त्याची लपवाछपवी करा. अगदी बारीक चुरडून भिजवलेल्या दाण्यांत असं कालवा की वेचून खाता येणार नाही, आणि आठ-दहा दिवसांत चिकन कमी करत आणा. कोमट अन्नाचा वास जास्त येतो, तेही मदतीला येईल. वाटी उथळ घ्या, खोल वाटीत तिचं तोंड पोचत नाही. वीस मिनिटांनी उरलेलं उचला. हाताने भरवणं, मागे मागे फिरणं, ‘एक घास, एक घास’ म्हणणं हळूहळू थांबवा. एक जेवण चुकलं तर लक्ष ठेवा. लागोपाठ दुसरंही चुकलं, किंवा न खाण्यासोबत उलट्या, जुलाब, मरगळ असेल, तर वाट न बघता फोन करा. लसीकरण पुरं न झालेल्या पिल्लात हा पार्व्हो, म्हणजे आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजारही असू शकतो.

कधीतरी खाद्याचा ब्रँड बदलावा लागेल. तेव्हा नवं खाद्य आठवडा-दहा दिवसांत, पावापावाने मिसळत आणा.

खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवा. मिरीसाठी म्हणजे २० किलोकॅलरी, चीजचा पाच ग्रॅमचा एक तुकडा. शिकवताना बक्षीस म्हणून तिच्याच वाटणीचे दाणे काढून ठेवा, तिला फरक पडत नाही. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, दारू, मॅकाडेमिया नट आणि शिजवलेली हाडं यांतलं काहीही नको. विषाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे मोठ्या कुत्र्याला पचून गेलेला चॉकलेटचा तुकडा एक किलोच्या पिल्लाला दवाखान्यात पोचवू शकतो. तेलकट-तुपकट उरलंसुरलंही नको, लहान जातींमध्ये स्वादुपिंडाचा दाह बऱ्यापैकी दिसतो.

दातांचं एक सांगून ठेवते. २८ दुधाचे दात असतात, चार ते सात महिन्यांच्या दरम्यान ते पडून ४२ कायमचे येतात. त्या दिवसांत हिरड्या दुखतात, दाणे थोडे जास्त भिजवा. लहान जातींत दुधाचे सुळे बऱ्याचदा पडतच नाहीत, नवा दात शेजारी उभा राहतो, मध्ये अन्न अडकून हिरड्या खराब होतात. सहा महिन्यांच्या सुमारास ओठ वर करून बघा. भिजवलेलं खातेय म्हणून दात खराब होतील अशी भीती नको. दात ब्रशने साफ होतात, कडक दाण्यांनी फारसे नाही, आणि ब्रशची सवय आत्तापासूनच लावायची.

पिल्लांचं खाद्य दहा-बारा महिन्यांपर्यंत ठेवा, मग प्रौढांचं सुरू करा. नसबंदी झाली की भूक वाढते आणि ऊर्जेची गरज घटते, तेव्हा प्रमाण डॉक्टरांशी बोलून कमी करा.

यॉर्कशायर टेरियर किंवा माल्टीज पाळणाऱ्या वाचकांसाठी, आणि तुमच्यासाठीही, एक शेवटची सूचना. नीट मोजून, वेळेवर चार वेळा देऊनही पिल्लू वाढत नसेल, चार महिन्यांनंतरही साखर पुन्हा पुन्हा उतरत असेल, किंवा पोटभर खाल्ल्यावर ते गुंगल्यासारखं होऊन भिंतीकडे तोंड करून उभं राहत असेल, तर दोष वाटीत शोधत बसू नका. काही पिल्लांमध्ये जन्मतःच एक रक्तवाहिनी यकृताला वळसा घालून जाते, आणि छोट्या जातींत, विशेषतः या दोन जातींत, हे जास्त आढळतं. यकृताची ‘बाइल अ‍ॅसिड’ ही रक्ततपासणी करायची का, असं डॉक्टरांना आपणहून विचारा.